परदेशात शिकताना शनिवार-रविवारची सहल कशी करावी

मागच्या आठवड्यात आमच्या ओट्यावर दोन पोरं येऊन बसली. दोघंही दारव्हा तालुक्यातलीच, एप्रिलात जर्मनीला शिकायला चालली आहेत. मी तिकडंच केमनिट्झला शिकते, सुट्टीत घरी आलेली, म्हणून त्यांच्या घरच्यांनी पाठवलं होतं. ब्लॉक्ड अकाउंट (म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), खोली, बँक, थंडीचे कपडे, सगळं विचारून झालं. आईनं दुसऱ्यांदा चहा आणला. निघताना चपला घालता घालता त्यातल्या एकानं हळूच विचारलं, "ताई, तिकडं कधी फिराले जमते का?" दुसऱ्यानं लगेच त्याला कोपर मारलं. घरच्यांनी कर्ज काढलं अन् हा फिरायचं विचारून राहिला, असं त्या कोपराचं म्हणणं होतं.

मला ते कोपर ओळखीचं आहे. पहिले सात महिने ते माझ्याच बरगडीत होतं. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले आणि मे २०२५ पर्यंत खोली, वर्ग, वाचनालय आणि दुकान सोडून कुठंही गेले नाही. डिसेंबरात चार वाजता अंधार पडायचा. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे. खिडकीत बसून मी घरी फोन लावायची आणि आई शेतात असली की तसाच ठेवून द्यायची. परीक्षेतही त्याचा काही फायदा झाला नाही. म्हणून त्या पोराला ओट्यावर जे घाईत सांगितलं ते इथं सावकाश लिहिते: जमते, आणि जायचंच.

उदाहरणं माझ्या शहराची आहेत. केमनिट्झ हे पूर्वेकडच्या सॅक्सनी राज्यातलं शहर, १९५३ ते १९९० याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. तुम्ही दुसरीकडं गेलात तर गावांची नावं बदलतील, रीत तीच राहील.

आधी पैशाचं बोलू, कारण आपल्या भागातून गेलेल्या पोराच्या डोक्यात तेच आधी येतं. पहिल्या हिवाळ्यात मी प्रत्येक खर्च कापसात मोजायची. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि युरो नव्वदच्या आसपास. म्हणजे क्विंटलचे त्र्याऐंशी युरो. तीन युरोची कॉफी म्हणजे साडेतीन किलो कापूस. साडेतीन किलो वेचायला बाईला कमरेला ओटी बांधून किती वेळ वाकावं लागतं हे मला माहीत होतं, आणि ते माहीत असताना कॉफी घशाखाली उतरत नाही.

मार्चमध्ये मला एका कँटीनमध्ये भांडी आणि ताटं लावायचं काम मिळालं, तेव्हा माप बदललं. त्या वर्षी जर्मनीत कायद्यानं ठरलेली किमान मजुरी तासाला १२.८२ युरो होती. २०२६ च्या जानेवारीपासून ती १३.९० झाली आहे. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. माझी मे महिन्यातली पहिली सहल दोन दिवसांची होती आणि तिला बासष्ट युरो लागले. कापसात मोजले तर जवळजवळ पाऊण क्विंटल. तासांत मोजले तर पाच तास. ते पाच तास माझे होते, माझ्या हातानं केलेले, बाबांच्या शेतातून आलेले नव्हते. मी बाबांना फोनवर तसंच सांगितलं. ते म्हणाले, "मंग जाय ना, मले काऊन विचारते?"

म्हणून रीत अशी ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला जे पैसे सुटतात त्याला सहलीसाठी हात लावायचा नाही. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. त्यातून खोलीचं भाडं, विमा आणि जेवण निघतं, उरत फार नाही. काम मिळालं की पगारातले वीस-पंचवीस युरो एका वेगळ्या डब्यात टाका. डबा भरला की सहल. काम मिळेपर्यंत एका दिवसाची, घरून डबा बांधून न्यायची सहल करा. ती जवळजवळ फुकटात होते, कसं ते पुढं सांगते.

आता सोबतीचं. चार जण बरे. दोघांत एकाला बरं वाटेनासं झालं की दुसरा अडकतो, आणि सहा-सात जण झाले की प्रत्येक फलाटावर कुणीतरी पाणी प्यायला गेलेलं असतं. आम्ही चौघं होतो: मी, पैनगंगेपलीकडची, आदिलाबादची माझी रूममेट, नांदेडचा एक मुलगा आणि आमच्याच वर्गातली व्हिएतनामची एक मुलगी. चौघांच्या घरची परिस्थिती चार तऱ्हेची. सहलीत भांडणं जागेवरून होत नाहीत, पैशावरून होतात, आणि तीही उघड होत नाहीत. एक जण म्हणतो चला हॉटेलात जेवू, दुसरा म्हणतो मला भूक नाही. त्याला भूक असते.

यावर मी आईच्या बचत गटातली चिठ्ठी वापरली. प्रत्येकानं कागदावर फक्त एक आकडा लिहायचा: दोन दिवसांत सगळं मिळून मला जास्तीत जास्त किती परवडेल. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या घडी करून वाटीत टाकायच्या, उघडायच्या, आणि सगळ्यांत लहान आकडा तोच सगळ्यांचा आकडा. आमच्या वाटीत १२०, ९०, ८० आणि ६५ निघाले. ६५ ठरले. कुणाची चिठ्ठी कोणती हे कुणी विचारलं नाही, मी आजही इथं सांगत नाही. त्या आकड्यात बसेल तेवढंच मग शोधलं, आणि दोन दिवस कुणालाही खोटी भूक मारावी लागली नाही. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही चिठ्ठी घेऊन जा.

वाटखर्चाला एकच माणूस पैसे देतो आणि दुसरा वहीत लिहितो, असं करा. मोबाइलवर त्यासाठी ॲप आहेत, तेही चालतात. हिशेब मात्र परतीच्या गाडीतच मिटवा. सोमवारनंतर चार युरो मागायला कुणालाच बरं वाटत नाही.

तिकिटाचं नीट समजून घ्या, इथं नवीन माणूस पैसे घालवतो. जर्मनीत आयसीई, आयसी या लांबच्या वेगवान गाड्या. आरई, आरबी, एस-बान या जवळच्या, आपल्या पॅसेंजरसारख्या. डॉइशलांड-टिकीट नावाचा महिन्याचा पास आहे. तो मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ ला गेला आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ आहे. त्यावर देशभरातल्या जवळच्या गाड्या, शहरातल्या बस आणि ट्राम चालतात. लांबच्या गाड्या चालत नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना हाच पास साठ टक्के किमतीत मिळतो, सत्राच्या फीमध्येच धरलेला असतो, म्हणून विकत घेण्याआधी विद्यार्थी कार्यालयात विचारा. स्वतः विकत घेतलेला पास वर्गणीसारखा आपोआप पुढं चालू राहतो. बंद करायचा असेल तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून जातात. पासवर तुमचं नाव असतं, म्हणून सोबत फोटोचं ओळखपत्र हवंच. महिन्याचा पास कॉलेजसाठी काढलेलाच असतो, त्यामुळं शनिवारी त्याच पासवर शंभर किलोमीटर जाऊन आलात तर वेगळा एक सेंटही लागत नाही. फुकटातली सहल म्हणाले ती हीच.

ज्यांच्याकडं पास नाही त्यांच्यासाठी राज्याचं एकत्र तिकीट असतं. आमच्याकडं साक्सन-टिकीट. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. कामाच्या दिवशी मात्र सकाळी नऊनंतर. ते सॅक्सनीशिवाय शेजारच्या थुरिंगिया आणि सॅक्सनी-आनहाल्टमध्येही चालतं. तिकिटावर सगळ्या प्रवाशांची नावं लिहायला विसरू नका.

फलाटावरच्या पाटीवर किंवा ॲपमध्ये एसईव्ही ही अक्षरं दिसली तर रुळाचं काम चालू आहे आणि गाडीऐवजी बस आहे असं समजा. ती बस स्टेशनाबाहेरून सुटते आणि वेळ जास्त घेते. गाडी बदलायची असेल तर मध्ये पाच मिनिटं राखून चालत नाही, निदान वीस मिनिटं ठेवा.

आणि बसचं वेळापत्रक तळटिपेसकट वाचा. हे मी जूनमध्ये शिकले. डोंगरातल्या एका लहान गावात आम्ही शनिवारी संध्याकाळी थांब्यावर उभे होतो. पाटीवर बसची वेळ स्पष्ट लिहिलेली. वेळ झाली, बस आली नाही. पंधरा मिनिटं, अर्धा तास. शेवटी रूममेटनं मोबाइलचा उजेड धरून पाटी पुन्हा वाचली, तर वेळेच्या डोक्यावर बारीक एस होता आणि खाली अर्थ दिलेला: फक्त शाळेच्या दिवशी. शनिवारी तिकडं शाळा नसते. मी सातवीपासून बारावीपर्यंत शाळेच्या एसटीनं गेले. सुट्टीच्या दिवशी ती गाडी येत नाही हे आमच्या गावातल्या लेकरालाही कळतं, आणि परदेशात मला ते सुचलं नाही. स्टेशनापर्यंत सहा किलोमीटर चाललो, शेवटची गाडी सात मिनिटांनी मिळाली. तेव्हापासून कुठंही उतरलो की मी आधी परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांचा फोटो काढून ठेवते. दोन, कारण शेवटची एकटी धरून चालायचं नाही. काही गावांत फोन करून बोलवावी लागणारी बसही असते, तिला रूफबुस म्हणतात; ती आधी नोंदवली नाही तर येतच नाही.

कुठं जायचं? मोठ्या शहराला जायची सगळ्यांना ओढ असते. बर्लिन, प्राग, म्युनिक नंतर कधीही होतील. पहिली सहल दीड तासाच्या आत येणाऱ्या जागेची ठेवा, म्हणजे काही चुकलं तर रात्री आपल्या अंथरुणात परतता येतं. आम्ही एर्त्सगेबिर्गं, म्हणजे खनिजांचे डोंगर म्हणतात तिकडं गेलो. शेकडो वर्षं तिथं चांदी आणि कथील काढलं. २०१९ मध्ये युनेस्कोनं तो सगळा खाणपट्टा जागतिक वारसा म्हणून घेतला. केमनिट्झहून त्शोपाउ नदीच्या काठाकाठानं जाणारी गाडी क्रान्त्सालला जाते. तिथं उतरून पलीकडच्या फलाटावर गेलो आणि मी जागच्या जागी थांबले.

तिथं शकुंतला उभी होती.

आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर अरुंद रुळावर शकुंतला धावायची. खासगी कंपनीच्या मालकीची. दारव्हा मोतीबाग हे आमचं स्टेशन. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेलचं आलं, आणि आता गाडीच बंद आहे; रुळांच्या मधून तरोटा वाढलाय. माझे आजोबा तिनंच कारंज्याला जायचे. धोतराला कोळशाच्या ठिणगीनं पडलेली बारीक भोकं आजी शिवत बसायची, हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं आहे की ते धोतर मी पाहिल्यासारखंच वाटतं.

क्रान्त्साल ते ओबरवीझेनटाल ही गाडी १८९७ पासून चालू आहे. सतरा किलोमीटरला साधारण एक तास. शकुंतलेच्या रुळाची रुंदी ७६२ मिलिमीटर, हिची ७५०. बारा मिलिमीटरचा फरक. इंजिनं १९५० च्या दशकात बांधलेली, आणि आजही रोजच्या फेऱ्या तीच ओढतात. आम्ही उघड्या डब्यात बसलो. इंजिनानं आधी पाणी घेतलं. जाड नळ फिरवून टाकीच्या तोंडावर आणला, पाणी वरून सांडलं तसं गरम लोखंडावर चर्र वाजलं आणि कोळशाचा, तेलाचा, ओल्या राखेचा असा एकत्र वास आला. शिट्टी झाली. चढाला लागल्यावर धुराचे गोळे झाडांमध्ये अडकून राहत होते आणि माझ्या बाहीवर काळे बारीक कण पडत होते. बोटानं पुसला की कण लांबत जाऊन रेघ व्हायची.

मी आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. भारतात दुपार टळलेली. ते खाटेवर पडले होते, आईनं फोन त्यांच्यापुढं धरला. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून मी फोन इंजिनाकडं फिरवला आणि आवाज ऐकवला. ते उठून बसले. "अवं, हे तं आपली शकुंतलाच होय!" म्हणाले. मग फोनमध्ये तोंड घालून, जणू डब्यात मागं बसलेल्या मला हाक मारतात तसं, "डोये सांभाय माय, कोयसा उडते!"

व्हिएतनामच्या मैत्रिणीनं विचारलं, आजोबा काय म्हणाले. मी सांगितलं आणि चौघांनी डोळ्यांवर हात धरले.

तिकिटाबद्दल एवढंच, की अशा हौशी गाड्यांना महिन्याचा पास चालेल असं धरून बसू नका. वेगळ्या तिकिटाचे पैसे चिठ्ठीच्या आकड्यात आधीच धरा, आणि जायची-यायची दोन्ही बाजू वाफेनं न करता एक बाजू बसनं केली तर बरेच वाचतात. आम्ही तसंच केलं.

ओबरवीझेनटाल ९१४ मीटर उंचीवर आहे, जर्मनीतलं सगळ्यांत उंच शहर. वर फिख्टेलबर्ग, १,२१५ मीटर, सॅक्सनीतलं सगळ्यांत उंच टोक. १९२४ पासून तिथं रोपवे आहे, देशातला सगळ्यांत जुना. आम्ही पायी चढलो. मेचा शेवटचा आठवडा होता, इकडं बाभळीच्या सावलीतही ढोरं थांबत नाहीत असं ऊन, आणि तिथं माथ्यावर वाऱ्यानं कान दुखले. उन्हाळा आहे म्हणून पातळ शर्टावर जाऊ नका. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या, चढताना काढता येतात. कानटोपी खिशात मावते, ती प्रत्येक सहलीत न्या. बूट जुने आणि पायाला बसलेले हवेत. नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घातले की टाच सोलून निघतेच.

मुक्कामाला यूथ हॉस्टेल बरं. तिकडं त्याला युगेंडहेर्बेर्गं म्हणतात. जगातलं पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल जर्मनीतच आल्टेनाच्या किल्ल्यात उघडलं. हॉस्टेलात राहायला वर्षाचं सभासदत्व काढावं लागतं. चादर-उशी मिळते, सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली असते, आणि न्याहारी पोटभर करून घेतली की दुपार निघते. रात्री दहानंतर शांतता पाळतात, ती आपणही पाळायची. शनिवारची जागा तीन-चार आठवडे आधी घ्या. जागा धरताना पैसे परत मिळण्याची अट वाचा, परीक्षा पुढं-मागं होतात. अशा डोंगरगावांत पाहुण्यांकडून रोजचा थोडा करही घेतात, तो भाड्यात दिसत नाही. त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या कार्डावर कधी गावातल्या बस फुकट असतात, म्हणून कार्ड मागून घ्या.

खाण्याचं मी मनापासून सांगते, कारण इथंच निम्मे पैसे वाचतात. रविवारी दुकानं बंद असतात, सणाच्या दिवशीही. सॅक्सनीत तर नोव्हेंबरातल्या एका बुधवारी, बूस-उंड-बेटटागला, सुट्टी असते आणि ती बाकी कुठल्या राज्यात नसते. बाहेरून आलेला माणूस त्या दिवशी हमखास उपाशी राहतो. रविवारचं सगळं शनिवारीच घ्या. अडलंच तर मोठ्या स्टेशनावरची दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात, पण महाग. मी शुक्रवारी रात्री दशम्या करते. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही, थोडा गूळ, तूप लावून मंद आचेवर भाजायच्या; दोन दिवस मऊ राहतात. सोबत तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी. घरून नेलेली चटणी संपली म्हणून रडू नका, जवस तिथं कुठल्याही दुकानात लाइनझामेन नावानं स्वस्तात मिळतं. कढईत तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, मग लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ घालून जाडसर वाटा. फार वाटलं की तेल सुटून गोळा होतो. भारतातून जाताना तूप, खवा, पेढे बॅगेत भरू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेऊ देत नाहीत. हे मी आईला समजावून थकले आहे.

नळाचं पाणी पितात, बाटली सोबत ठेवा. विकत घेतलेल्या, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर पंचवीस सेंट अनामत असते, फेकून देऊ नका, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. स्वच्छतागृहाला सुटे पन्नास सेंट, एक युरो लागतात.

कागदपत्रांचं मात्र हलक्यात घेऊ नका. फिख्टेलबर्गच्या पलीकडं लगेच चेक प्रजासत्ताक. बोझी दार नावाचं गाव चालत जाण्यासारखं. आमचं ठरलं होतं, सीमा ओलांडून तिकडं जेवायचं. जर्मनीचं निवासकार्ड असलेल्याला शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवलेल्या युरोपातल्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. वाटेत नांदेडकरानं खिसे तपासले. कार्ड होतं, पासपोर्ट खोलीवर. सीमेवर कुणीही उभं नव्हतं, नुसता दगड आणि पाटी. चला, कोण बघतं, असं म्हणणं सोपं होतं. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, बसमध्ये, गाडीत, रस्त्यावर कुठंही कागद मागतात. एका जेवणासाठी शिक्षणाचा परवाना धोक्यात घालायचा नाही. आणि तिघं जाऊन एकाला मागं ठेवायचं हेही बरोबर वाटलं नाही. चौघांनी सीमेच्या अलीकडच्या गवतावर बसून दशम्या खाल्ल्या.

कार्डाची मुदत संपून नवं यायचं असेल तर सीमा ओलांडायचा बेत धरूच नका, आधी परकीय नागरिक कार्यालयात विचारा. सरकारी विमा असेल तर विमा कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपचं निळं कार्ड असतं, ते शेजारच्या देशातही उपयोगी पडतं. संकटात फोन ११२, तिकडं सगळीकडं हाच.

दुसरी सहल कुठली, असं विचाराल तर राटेन. ड्रेस्डेनहून एस-बाननं एल्बे नदीच्या काठाला जायचं. नदी ओलांडायला तिथं नाव आहे, तिला इंजिन नाही. वरच्या अंगाला नदीत नांगरलेल्या लांब दोराला नाव बांधलेली, सुकाणू तिरपं केलं की वाहत्या पाण्याच्या जोरावर ती या काठावरून त्या काठाला जाते. पलीकडं वालुकाश्माचे सुळके आणि त्यांच्यावर १८५१ चा दगडी पूल. तिथं राष्ट्रीय उद्यान आहे, चूल पेटवायची नाही, ड्रोन उडवायचा नाही, वाट सोडायची नाही. २०२२ च्या जुलैमध्ये त्या जंगलात मोठी आग लागली होती, म्हणून लोक फार जपतात.

राहिलं घरच्यांना सांगणं. लपवू नका. मुलींनी तर नाहीच. मी लपवण्याचा विचार केला होता, कारण आई काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि ती तेच म्हणाली: "कोन कोन हाय संगं? रात्री कुठं ऱ्हायसान?" याचं उत्तर तोंडी दिलं की पटत नाही. मी एका कागदावर सगळं लिहिलं: कोणती गाडी, कुठं उतरणार, हॉस्टेलचं नाव आणि फोन, सोबतच्या तिघांचे फोन, परतीची वेळ, आणि प्रत्येक वेळेपुढं भारताची वेळ. उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास पुढं. त्याचा फोटो भावाला पाठवला, त्यानं तो तालुक्याहून छापून आणला आणि आईनं देवघराशेजारी खिळ्याला अडकवला. मी आता सुट्टीत आले तर चार सहलींचे चार कागद एकाच खिळ्यावर होते.

डोंगरात रेंज जाते, हेही आधीच सांगून ठेवा, म्हणजे दोन तास फोन लागला नाही तर शेजारपाजारी गोळा होत नाहीत. आणि परत आल्यावर कळवायचं ते गाडीत बसल्या बसल्याच कळवा, खोलीवर जाऊन नाही. रात्री साडेनऊला खोलीत पोचलं की गावाला एक वाजलेला असतो. आई म्हणते, सकाळी सांगितलं तरी चालते, मी निजून जातो. पण "पोचले" लिहून पाठवलं की त्या दोन रेघा लगेच निळ्या होतात.